म्हैस व्याल्यावर लाल लघवी करते, ही उष्णता आहे का?

दादा, आधी सब्जा बाजूला ठेवा आणि आजच्या आज जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. ओळखीचे डॉक्टर मिळत नसतील तर 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करा. बाकीचं वाचन ते येईपर्यंत होईल.

तुम्ही लिहिलंय, तिसऱ्या वेताची मुऱ्हा आहे, व्याल्याला 12 दिवस झाले, दोन दिवसांपासून लघवी लाल होती ती आता काळपट झाली, दूध निम्म्यावर आलं, वैरण मात्र थोडी थोडी खाते. गावातले म्हणतात उष्णता झाली, म्हणून सब्जा पाजताय. माझ्याही गोठ्यात हेच म्हणाले होते. वाळवा तालुक्यात आमच्या 11 म्हशी आहेत. आठ-नऊ वर्षांमागे चौथ्या वेताची पंढरपुरी अशीच मुतायला लागली. एक दिवस ताक आणि सब्जा पाजण्यात गेला. दुसऱ्या दिवशी गावात सुया मारत फिरणाऱ्या एकाने गोचीडतापाचं इंजेक्शन दिलं आणि वर कॅल्शियमची बाटली लावली. तिसऱ्या पहाटे म्हैस खाली बसली ती उठलीच नाही. पुढच्याच वर्षी दुसरीला तेच झालं. ती वाचली, कारण तेव्हा डॉक्टर पहिल्या दिवशी आले.

तुमचं वर्णन वाचून मला संशय येतो तो फॉस्फरस कमी पडल्याचा. व्याल्यावर पहिल्या चार आठवड्यांत, तिसऱ्या ते सहाव्या वेताच्या चांगल्या दुधाच्या म्हशीला हा गाठतो. आपल्याकडे गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांतही दिसतो, म्हणून 'अजून व्यालीच नाही, हा तो आजार नसणार' असं कुणी धरून बसू नये.

होतं असं की रक्तातल्या तांबड्या पेशींना शाबूत राहायला ऊर्जा लागते. ती ऊर्जा पेशी साखरेपासून तयार करतात आणि त्या कामाला फॉस्फरस लागतो. तो संपत आला की पेशीचं कवच ताठर होतं आणि पेशी शिरेतल्या शिरेतच फुटतात. आतला लाल रंग, म्हणजे हिमोग्लोबिन, मोकळा होऊन मूत्रपिंडातून लघवीत उतरतो. म्हणजे कुठे जखम होऊन रक्त वाहत नसतं, म्हशीचं रक्तच आतल्या आत विरघळत असतं. म्हणून डोळ्याची आतली पापणी पांढरी पडते, पुढे पिवळट होते. म्हैस दम खाते, छाती धडधडते, शेण कडक होऊन कुंथते. उशीर झाला तर दोन-चार दिवसांत खेळ आटोपतो.

डॉक्टर येईस्तोवर दोन कामं करून ठेवा. लघवी आरपार दिसणाऱ्या काचेच्या बाटलीत धरा आणि काही तास हलवू नका. तळाला लाल गाळ बसून वरचं पाणी निवळलं तर ते खरं रक्त, म्हणजे मूत्राशयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं. सगळी बाटली वरपासून खालपर्यंत कोऱ्या कॉफीसारखी एकसारखी राहिली तर पेशी फुटताहेत. दुसरं, ताप मोजा, आणि हातानं कान चाचपून अंदाज करू नका, थर्मामीटर लावा. म्हशीचं तापमान 101 फॅरनहाइटच्या आसपास असतं. 104 च्या वर असेल आणि अंगावर गोचीड असतील तर बबेसिया, म्हणजे गोचीडताप, हा पहिला संशय. त्यातही लघवी अशीच कॉफीसारखी होते, पण औषध पूर्णपणे वेगळं. फॉस्फरसच्या आजारात ताप बहुधा नसतोच. लेप्टोस्पायरा नावाच्या जिवाणूनेही लघवी लाल होते आणि तो माणसाला लागतो. म्हणून निदान होईपर्यंत लघवीला उघडा हात लावू नका, हातमोजे घाला. दूध पिऊ का, असंही तुम्ही विचारलंय. फॉस्फरसची कमतरता काही दुधातून माणसाला लागत नाही, पण निदान होईस्तोवर ते दूध कुणाला देऊ नका. औषधं सुरू झाली की दूध कधीपासून चालेल, ते डॉक्टरांनाच विचारा.

उपचाराचं मुख्य औषध सोडियम अ‍ॅसिड फॉस्फेट. आमच्या डॉक्टरांनी 60 ग्रॅम पावडर 300 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून शिरेतून अगदी हळू सोडली, तेवढीच पाण्यातून पाजली आणि 12 तासांनी पुन्हा दिली. हे मी तुम्ही स्वतः करावं म्हणून सांगत नाही. पण दुसऱ्या गावच्या मेडिकलमधून ती पावडर आणायला दोन तास जातात, तेव्हा 'तुमच्याकडे आहे का, नसेल तर मी आणून ठेवतो' हे फोनवरच विचारा. फॉस्फरसची तयार इंजेक्शनं मिळतात, पण माझ्या अनुभवात या आजारात त्यांच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. त्यांतला फॉस्फरस रक्ताला हव्या त्या रूपात नसतो. कॅल्शियमची बाटली हे व्याल्या म्हशीला आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं उत्तर. ती दूधज्वराला, म्हणजे कॅल्शियम कमी पडल्याच्या आजाराला लागते, या आजाराला नाही. फॉस्फेटच्या बाटलीत कॅल्शियम मिसळलं तर साका बनतो, तो शिरेत जाणं धोक्याचं.

पापणी कागदासारखी पांढरी झाली असेल तर नुसत्या फॉस्फेटवर भागत नाही, रक्त द्यावं लागतं. गोठ्यातल्याच दुसऱ्या निरोगी म्हशीचं चार-पाच लिटर काढून देता येतं. सगळेच डॉक्टर यात पडत नाहीत, जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारा. साताऱ्याकडचे असाल तर शिरवळला आहे. पण अशक्त म्हैस टेम्पोत चढवायची पाळी येऊ देऊ नका, त्या हेलकाव्यानेच ती जाते.

लघवी साधारण दोन दिवसांत निवळते. रक्त भरून यायला मात्र काही आठवडे लागतात, तेव्हा लगेच दुधाची अपेक्षा धरू नका. पाणी भरपूर ठेवा.

आता हे कशामुळे झालं? एक लिटर दुधाबरोबर सुमारे एक ग्रॅम फॉस्फरस जातो. म्हणजे 12 लिटर देणारी म्हैस रोज 12 ग्रॅम नुसती दुधातून घालवते, आणि आपण तिला खायला काय घालतो? आमच्या भागात कारखाना सुरू झाला की दोन-तीन महिने ऊसतोडीचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. जवळजवळ फुकट मिळतं, जनावर आवडीनं खातं, आणि त्यात फॉस्फरस फार कमी. म्हशीही नेमक्या पावसाळ्यानंतर व्यालेल्या असतात, त्यामुळे दोन्हीची गाठ थंडीत पडते. लसूणघासात कॅल्शियम भरपूर पण फॉस्फरस त्या मानाने थोडा. बाजारात उरलेला कोबी-फ्लॉवरचा पाला ढिगाने घालणंही बरं नाही, त्यातल्या काही घटकांनी तांबड्या पेशी फुटतात.

वाढ्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. माझी खरी चूक म्हैस व्यायच्या आधीच्या दोन महिन्यांतली. भाकड म्हैस काय देते, म्हणून मी तिची पेंड बंद केली होती. गव्हाच्या कोंड्यात सुमारे एक टक्का फॉस्फरस असतो, सरकीच्या पेंडेतही चांगला असतो, आणि नेमकं तेच मी वाचवलं.

आता गाभण म्हशीला आठव्या महिन्यापासून दोन किलो कोंडा आणि 50 ग्रॅम खनिज मिश्रण रोज देतो, व्याल्यावर दुधाच्या हिशेबाने वाढवतो. पिशवीवर फॉस्फरसचा आकडा छापलेला असतो, तो बघूनच घेतो. नुसत्या कॅल्शियमच्या गोड पातळ औषधाने हे काम होत नाही, दुकानदार काहीही म्हणो. वाढं बंद केलेलं नाही, ते परवडणारही नाही, पण निम्मी वैरण कडबा आणि मक्याची ठेवतो.

वाचलेली ती म्हैस त्यानंतर तीनदा व्याली. पुढच्या वेताला पुन्हा तसं होईल म्हणून मी महिनाभर पहाटे बॅटरी घेऊन तिची लघवी बघत होतो, बायको हसायची.

ताप किती निघाला आणि बाटली निवळली का, ते कमेंटमध्ये लिहा.