अ‍ॅम्प मुरतो का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

व्हॉल्ववर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर, चालणारे गिटार अ‍ॅम्प (आवाज वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर) उघडून दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. जुन्या अ‍ॅम्पच्या आवाजाबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. त्यातले सहा इथे घेतो.

काका बोटीवर नोकरीला होते. त्यांनी सत्तरच्या दशकात आणलेला ब्रिटिश व्हॉल्व अ‍ॅम्प आमच्या माळ्यावर वीसेक वर्षं पडून आहे. मित्र म्हणतात, जुना अ‍ॅम्प लोणच्यासारखा मुरतो, आता त्याचा आवाज सोन्यासारखा लागेल. हे खरं का? लावून बघू का? (गिरगाव)

दुसरं आधी सांगतो, कारण ते तातडीचं आहे. लावू नका. वीस वर्षं वीज न पाहिलेल्या अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायमधले, वीज साठवणारे मोठे कंडेन्सर बहुधा आतून बिघडलेले असतात. त्यातलं द्रव सुकतं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर कमजोर होतो. एकदम २३० व्होल्ट दिले की कंडेन्सर शॉर्ट होऊ शकतो, आणि जाताना मेन्स ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जाऊ शकतो. कंडेन्सर बाजारात मिळतो, तो ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. मी असा अ‍ॅम्प आधी सिरीज बोर्डवर घेतो. साधा फिलामेंटचा बल्ब मधे लावलेला असतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायचं, भगभगीत पेटून राहिला तर प्लग काढायचा. हे घरी करू नका. आत ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो.

आता मुरण्याचं. अ‍ॅम्पमध्ये खऱ्या अर्थानं मुरणारी वस्तू एकच, स्पीकर. बाकी सगळं झिजतं, सुकतं किंवा सरकतं. पॉवर व्हॉल्वच्या कॅथोडवर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप असतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. लेप थकला की आवाज आधी मऊ वाटतो, मग मलूल, आणि शेवटी दम निघून जातो. त्यातला 'मऊ' हा मधला टप्पा पुष्कळांना आवडतो, आणि तो आवडणं मला पटतं. पण तो टिकत नाही.

जुन्या कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरचा, म्हणजे विजेला अडवणाऱ्या भागाचा, रोध वर्षांनुवर्षं वर सरकतो. एक लाख ओहमचा रेझिस्टर मीटरवर एक लाख तीस हजार दाखवतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्यानं आवाजाचा तोल थोडा बदलतो आणि मागे सळसळ वाढते. आणखी एक गोष्ट विसरली जाते. त्या काळचे रेझिस्टर पहिल्या दिवसापासूनच एकसारखे नव्हते. अंगावरचा शेवटचा पट्टा चंदेरी म्हणजे १० टक्के कमीजास्त चालेल, तो पट्टाच नाही म्हणजे २० टक्के. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन अ‍ॅम्प कारखान्यातून निघतानाच वेगळे वाजायचे. त्यातला गोड वाजणारा लोकांनी जपला, बेसूर वाजणारा भंगारवाल्याकडे गेला. आज आपल्या कानावर पडतात ते जपले गेलेले. म्हणून जुनं ते सगळं चांगलंच वाजतं असं वाटतं.

काकांच्या अ‍ॅम्पचा आवाज सुंदर असण्याची शक्यता खूप आहे. चांगलं सर्किट, चांगले ट्रान्सफॉर्मर आणि वाजवून सैल झालेला स्पीकर, हे तिन्ही तुमच्या माळ्यावर आहेत. फक्त ते जिवंत ठेवूनच खाली आणा.

नवीन अ‍ॅम्प घेतला. आवाज कर्कश आहे. दुकानदार म्हणतो, पन्नास तास वाजवा, आपोआप सुधारेल. तो मला टाळतोय का? (ठाणे)

टाळत नाही, पण थोडं वाढवून सांगतोय. स्पीकरचा कागदी कोन दोन ठिकाणी धरलेला असतो. बाहेरच्या कडेची घडी आणि आत, कॉइलजवळ, राळ लावलेल्या कापडाची पन्हाळी चकती. तिला स्पायडर म्हणतात. नवीन असताना दोन्ही ताठ असतात. वाजवत गेलं की राळेला बारीक भेगा पडतात, कापड मोकळं होतं आणि स्पीकरची नैसर्गिक कंपनसंख्या काही हर्ट्झनं खाली येते. खालचे सूर भरतात, वरची धार जरा बोथट होते. नवी कोल्हापुरी पायात बसते तसंच हे. यातला मोठा भाग पहिल्या काही तासांतच होतो. खालच्या तारांवर, मध्यम आवाजात, रोज वाजवा.

पण मुळातच तुम्हाला न आवडणारा आवाज त्यानं आवडीचा होणार नाही. दुकानात जो फरक 'जरासा' वाटला असेल तो भरून निघेल, 'फार' वाटला असेल तर परत करण्याची मुदत जाऊ देऊ नका. आणि पन्नास तासांत तुमचा कानही त्या आवाजाला सरावतो, हे लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा. फोन, जागा आणि बटणांचे आकडे तेच ठेवून महिन्यानं पुन्हा करा.

आमचं घर समुद्राला लागून आहे. दर पावसाळ्यात अ‍ॅम्प खरखरतो, एकदा तर कोनवर बुरशी आली. प्लॅस्टिकचं कव्हर घालतो तरी हेच. (वर्सोवा)

ते कव्हर आजच काढा. प्लॅस्टिक ओल बाहेर ठेवत नाही, आत कोंडतं. जुनी सुती चादर टाका, धूळ अडेल आणि हवा खेळेल.

मुंबईत अ‍ॅम्पचं वय वर्षांवर मोजू नये, पावसाळ्यांवर मोजावं, असं माझं ठाम मत झालं आहे. पुण्याहून आलेला चाळीस वर्षांचा अ‍ॅम्प उघडतो तेव्हा आत धूळ असते. वर्सोव्याचा पंधरा वर्षांचा उघडतो तेव्हा स्क्रू गंजलेले, व्हॉल्वच्या सॉकेटमधल्या चिमट्या काळ्या आणि जॅकच्या पत्र्यावर हिरवट थर. खाऱ्या हवेतलं मीठ सॉकेटवर बसतं आणि ते मीठ हवेतली ओल ओढून घेतं. मग ज्या दोन पिनांमध्ये शेकडो व्होल्टचा फरक आहे त्यांच्यामध्ये वीज सरपटायला लागते. पावसाळ्यात माझ्याकडे एक अ‍ॅम्प आला होता, त्याच्या सॉकेटवर केसाएवढी काळी रेघ होती. दिवा बंद करून चालू केला तर त्या रेघेवर निळी ठिणगी चालताना दिसली. बेकेलाइट जळून तिथे कोळसा झाला होता आणि कोळशातून वीज वाहते. असं सॉकेट साफ करून भागत नाही, बदलावंच लागतं.

तुमच्यापुरतं सांगतो. पावसाळाभर आठवड्यातून दोनदा तासभर अ‍ॅम्प चालू ठेवा. व्हॉल्वची धग आतली ओल हाकलते. लादीवर ठेवू नका, खाली फळी द्या. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. भिजत्या रिक्षातून घरी आणला असेल तर लगेच लावू नका, दोनेक तास तसाच उघडा राहू दे. बुरशी सुक्या मऊ ब्रशनं हलकेच झाडा. कोनला पाणी लावू नका, डेटॉल तर नाहीच. खरखरणाऱ्या पॉटमध्ये, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाच्या आतल्या भागात, इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनरच मारायचा, लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतो. शिवणयंत्राचं तेल घातलेले पॉट माझ्याकडे येतात. त्यात धूळ बसून चिखल झालेला असतो.

एक मेकॅनिक म्हणतो, सगळे जुने कंडेन्सर काढून टाका. दुसरा म्हणतो, ओरिजिनल पार्ट काढलेत तर आवाजही जाईल आणि किंमतही. कोणाचं ऐकू? (दादर)

दोघांचं अर्धं अर्धं.

कंडेन्सर दोन जातींचे असतात आणि सगळा गोंधळ त्यातून होतो. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक हे ब्रेकच्या पॅडसारखे आहेत, ते संपण्यासाठीच असतात. साधारण पंधरा-वीस वर्षांपुढे त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. ते सुकले की आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची १०० हर्ट्झची घरघर आत शिरते. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये ती आहे का हे स्वतः पाहा. व्हॉल्यूम बराच वर न्या आणि सगळ्यांत पातळ तारेवर बाराव्या पट्टीचा (फ्रेटचा) सूर धरा. तो सूर ६५९ हर्ट्झचा. त्याच्याखाली, तुम्ही न वाजवलेला, बेसूर असा दुसरा सूर कण्हल्यासारखा ऐकू आला, तर ती घरघर तुमच्या सुरात मिसळते आहे. ६५९ मधून १०० गेले, उरले ५५९. हा सूर सरगमीतल्या कुठल्याच सुरावर नेमका बसत नाही. याला कोणी 'व्हिंटेज कॅरेक्टर' म्हणालं तरी ऐकू नका. इलेक्ट्रोलिटिक बदला.

दुसरी जात सिग्नलच्या वाटेवरची, एका व्हॉल्वमधून दुसऱ्यात आवाज नेणारी. हे फिल्मचे असतील तर पन्नास वर्षंही धडधाकट राहतात. ते घाऊक काढू नयेत. एकेक तपासावा. पुढच्या व्हॉल्वच्या ग्रिडकडे (सिग्नल घेणाऱ्या जाळीकडे) डीसी गळत असेल तरच बदलावा, कारण ती गळती पॉवर व्हॉल्वचा बायस, म्हणजे न वाजवताही त्यातून वाहणाऱ्या विजेचा तोल, बिघडवते आणि त्याची आतली पत्र्याची प्लेट तापून लाल होते. काळोखात प्लेटवर लाल डाग दिसला तर त्याच सेकंदाला अ‍ॅम्प बंद करा.

हे मी अनुभवानं शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका अ‍ॅम्पचं मी सगळंच नवं केलं, कंडेन्सर, रेझिस्टर, स्पीकरचा कोनसुद्धा. घरघर गेली आणि त्या अ‍ॅम्पला ज्यासाठी मालकानं जपलं होतं तेही गेलं. मी नंतर एकेक जुना रेझिस्टर परत बसवून पाहिला, फारसं काही हललं नाही. फरक कोनमध्ये होता, आणि जुना कोन मी फेकून दिला होता. त्या माणसाचा पडलेला चेहरा मला आजही आठवतो. तेव्हापासून काढलेला प्रत्येक तुकडा मी पिशवीत घालून अ‍ॅम्पच्या आतच बांधून देतो. तुमच्या मेकॅनिककडे तशी पिशवी मागा. पुढे विकताना घेणाऱ्याला ती दाखवता येते.

स्पीकर चालू आहे की गेला हे घरी तपासता येतं. अ‍ॅम्प बंद करून दोन्ही अंगठे कोनच्या मध्याच्या दोन बाजूंना ठेवा आणि अगदी हलकं, सरळ आत ढकला. कागद निःशब्द जायला हवा. खरचटल्याचा आवाज आला तर कॉइल घासते आहे. नाही आला तर त्या स्पीकरला कोणालाही हात लावू देऊ नका.

चोरबाजारात जुन्या रेडिओतले व्हॉल्व मिळतात. नव्यापेक्षा चांगले म्हणतात. घेऊ का? (भायखळा)

जुन्या रेडिओंमध्ये ईएल-८४ नावाचा व्हॉल्व असायचा आणि तोच कित्येक गिटार अ‍ॅम्पमध्ये असतो. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्सही एके काळी व्हॉल्व बनवायची. त्यातला न वापरलेला तुकडा मिळाला तर मी आनंदानं घेतो, बांधणी उत्तम असायची. पण रेडिओतून उपसलेला व्हॉल्व किती तास जळला आहे हे काचेवर लिहिलेलं नसतं. आतली चंदेरी झिलई पाहा, ती बहुधा माथ्यावर असते. ती आरशासारखी असावी. पांढरी पडली असेल तर हवा शिरली, व्हॉल्व मेला. झिलई चांगली दिसली तरी टेस्टरवर लावून दाखवत असेल तरच पैसे मोजा. व्हॉल्व नुसता वयानं चांगला होत नाही.

बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. ते म्हणतात, त्यांच्या अ‍ॅम्पचा आवाज म्हातारा झाला, धार गेली. दोन ठिकाणी तपासला, सगळं ठीक निघालं. मला तर आवाज छान वाटतो. आता काय करू? (विलेपार्ले)

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ थांबलो. तुम्ही अ‍ॅम्प दोनदा तपासून घेतला आहे, आता बाबांचे कान एकदा तपासून घ्या. वयाबरोबर ऐकण्यातले वरचे सूर आधी जातात. आणि जो वर्षानुवर्षं ड्रमच्या झांजांशेजारी उभा राहून वाजवत आला, त्याचं ऐकणं ४००० हर्ट्झच्या आसपास खास खचतं. गिटारच्या स्पीकरमधून ५००० च्या वर फारसं काही बाहेर पडतच नाही. म्हणजे गिटारची जी धार, तिचाच पट्टा बाबांच्या कानांतून उणा झालेला असू शकतो. ऑडिओमेट्रीची तपासणी साधी असते, अर्ध्या-पाऊण तासात होते. त्यांना 'तुम्हाला ऐकू कमी येतं' असं म्हणून नेऊ नका. पूर्वीची धार परत मिळते का ते बघू, म्हणा. खरंही तेच आहे.

तोवर एक करा. अ‍ॅम्प लादीवर असेल तर उचलून खुर्चीवर ठेवा. बारा इंची स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात. लादीवरचा अ‍ॅम्प बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांना ऐकवतो. झोत बाबांच्या कानाच्या रेषेत आणा आणि ट्रेबल (वरच्या सुरांचं बटण) त्यांना स्वतःच्या हातानं हवा तेवढा वाढवू द्या. तुम्हाला तो टोचायला लागला, तर तुम्ही त्या रेषेतून बाजूला, खिडकीकडे सरकून बसा.