हवेतलं पाणी आणि शेततळ्याचा कागद

औशाच्या एका भाऊंनी विचारलंय: शेततळ्याचा कागद फाटलाय, नवा घालायचा की नोबेलवाला हवेतून पाणी ओढणारा पदार्थ बाजारात येईपर्यंत थांबायचं?

भाऊ, थांबू नका.

२०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल किटागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून त्यांनी जाळीदार स्फटिक उभे केले, त्यांना एमओएफ म्हणतात. आतली छिद्रं नॅनोमीटरच्या मापाची. काही प्रकारांत एका ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडल्या तर ७,००० चौरस मीटर भरतात, म्हणजे पावणेदोन एकर! याघी जॉर्डनमधल्या अम्मानला वाढले, तिथे नळाला पाणी क्वचितच यायचं. लातूरकराला हे वेगळं समजवायला नको.

रात्री गारव्याने सापेक्ष आर्द्रता वाढते, तेव्हा छिद्रं वाफ धरतात. दिवसा उन्हाने तापवलं की सोडतात, ती थंड करून पाणी मिळतं. अमेरिकेतल्या मोहावीच्या वाळवंटात एमओएफ-३०३ या प्रकाराने किलोमागे दिवसाला ०.७ लिटर पाणी दिलं. आता आपला हिशोब करा. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पहिली जलदूत रेल्वेगाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली होती. तेवढं रोज काढायला हा पदार्थ सात लाख किलोंवर लागेल.

बरं, पदार्थ फुकट मिळाला तरी हवा आपलीच. ४० अंशाला आर्द्रता २० टक्के धरली, तर घनमीटरभर हवेत वाफ जेमतेम १० ग्रॅम. पाच माणसांच्या पिण्याच्या २० लिटरसाठी २,००० घनमीटर हवा पार कोरडी करावी लागेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दुर्गम वस्तीवर पिण्यापुरतं हे जमेल, आणि जमावं असं मला मनापासून वाटतं. मोसंबीला मात्र नाही.

सच्छिद्र पदार्थांचा आपल्याकडचा खरा उपयोग मला साखर कारखान्यांत दिसतो. प्रेसमडच्या, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाच्या, बायोगॅसमध्ये साधारण ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. गंधकाचा वायू आधी काढून गॅस दाबाखाली सच्छिद्र कार्बन किंवा झिओलाइट या सच्छिद्र खनिजामधून सोडला, की कार्बन डायऑक्साइड छिद्रांत अडकतो, मिथेन पुढे जातो. दाब उतरवला की छिद्रं पुन्हा मोकळी. हे तंत्र आज चालू आहे, त्याला नोबेलची वाट पाहावी लागत नाही.

तुम्ही कागद मृगाच्या आधी घालून घ्या. जुना काढल्यावर तळातले दगड आणि धसकटं वेचा, नाहीतर नवाही तिथेच फाटेल.