टी-५५ चं स्वस्त किट घ्यावं की महागडं?

शिरपूरच्या भावाने विचारलंय की तेरा वर्षांच्या मुलासोबत १९७१ च्या युद्धातला भारतीय टी-५५ रणगाडा करायचाय, प्लास्टिकचे भाग जोडून, १:३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा. समोर तीन किटं आहेत: एक अगदी स्वस्त, जुन्या साच्यातलं, दुसरं टामियाचं टी-५५ए, आणि तिसरं मिनीआर्टचं, आतल्या इंजिन-दारूगोळ्यासकट हजारावर भागांचं. जास्त पैसे घातले तर रणगाडा तेवढा चांगला होतो का, हा त्यांचा खरा प्रश्न.

भाऊ, टामियाचं घ्या. आता का ते सांगतो.

किटची किंमत मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. साचा किती नेमका आहे ही एक, आणि भाग किती आहेत ही दुसरी. डब्यावर भागांचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, साच्याबद्दल अवाक्षर नसतं. पण टेबलावर बसल्यावर तुम्हाला तारतो तो साचा. पोलादी साचा वर्षानुवर्षं वापरून झिजला की त्याचे दोन अर्धे नीट बसत नाहीत. फटीतून प्लास्टिक बाहेर येतं आणि भागाच्या कडेला पातळ पापुद्रा धरतो. त्यालाच फ्लॅश म्हणतात.

मी जळगावात हा छंद सुरू केला तेव्हा पहिलं किट असंच होतं. डब्यावर नवंकोरं झकास चित्र, आत कित्येक वर्षांपूर्वीचा साचा. टी-५५ ला एका बाजूला पाच चाकं, प्रत्येक चाक जोडतबकड्यांचं, म्हणजे एकूण वीस तबकड्या. वीसच्या वीस तबकड्यांना उडदाच्या पापडासारखी झालर. सुरीच्या पाठीने ती खरवडून काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मग हलचा, म्हणजे रणगाड्याच्या मुख्य सांगाड्याचा, वरचा आणि खालचा भाग एकमेकांवर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरला, तर मधून नखभर फटीतून उजेड दिसत होता. पुटी भरली, पॉलिश पेपरने घासली, आणि घासता घासता शेजारच्या वेल्डिंगच्या रेषाही गेल्या. माझ्या हातून काम बिघडलं असं मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. पुढे चांगल्या साच्याचं किट जोडलं तेव्हा कळलं की हात तेच होते. म्हणून मुलाच्या हातात पहिलंच किट असं देऊ नका. फटी बुजवता बुजवता पोराचा जीव विटतो आणि डबा माळ्यावर जातो.

डबा नवा म्हणजे साचा नवा, असं धरून चालू नका. स्केलमेट्स या किटांची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर किटचं नाव टाकलं की तो साचा पहिल्यांदा कधी आला आणि नंतर कोणकोणत्या डब्यांतून फिरला ते दिसतं. पैसे देण्याआधी पाच मिनिटं तिथे घालवाच. स्वस्त किट सगळीच वाईट नसतात, हेही तिथेच कळेल.

आता मिनीआर्ट. युक्रेनची कंपनी, आणि त्यांचं काम बघून मन भरतं. मी त्यांचं आतल्या भागांचं किट केलंय. गोळे ठेवायची मांडणी, चालकाच्या दांड्या, इंजिन, सगळं आहे. पण त्याला मला चार महिने लागले. नोकरी सांभाळून रात्री तास-दीड तास. ट्रॅकची, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्याची, एकेक कडी सुटी, एका बाजूला नव्वदच्या आसपास. प्रत्येक कडी स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत जोडलेले येतात तिच्यावरून, कापायची, कापल्याची खूण घासायची, पुढचीला जोडायची. त्यात फोटोएचचे, म्हणजे पातळ पितळी पत्र्यातून रसायनाने कोरलेले भाग. केसाएवढा एक हुक चिमट्यात धरला होता आणि कुलरचा झोत फिरला. तो हुक पुन्हा कधी दिसला नाही. आणि एवढं सगळं करून टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, बसवलं की आतलं बरंचसं झाकलं जातं. मला त्याचं दुःख नाही, कारण मला करण्यातच आनंद होता. पण बाप-लेकाने मिळून करायचं पहिलं काम म्हणून ते जड आहे.

टामियाचा साचा वीसेक वर्षांचा आहे, तरी भाग एकमेकांत असे बसतात की पातळ सिमेंटचा (प्लास्टिक जोडायच्या गोंदाचा) ब्रश सांध्याला टेकवला की काम झालं. त्याची एकच उणीव मी सांगेन: ट्रॅक. ते एकसंध पट्ट्याचे आहेत आणि चाकांवर ताठ उभे राहतात. खरा पट्टा कसा लोंबतो ते बघायचं असेल तर मुलाला शेततळं खोदणाऱ्या पोकलेनजवळ घेऊन जा. वरच्या अंगाला चेन आपल्याच वजनाने कशी झोल खाते ते दाखवा. टी-५५ ला तर वरून पट्टा उचलून धरणारे छोटे रोलरच नाहीत, त्यामुळे पट्टा थेट मोठ्या चाकांवर टेकतो. पहिल्या आणि दुसऱ्या चाकामध्ये अंतर जास्त आहे, तिथे तो झोल नजरेत भरतो. उपाय सोपा आहे. चाकांच्या माथ्यावर सुपरग्लूचा बारीक थेंब द्या, पट्टा दाबा, आणि वरच्या फेंडरखाली (पट्ट्यावरच्या पत्र्याखाली) कापसाचे बोळे कोंबून रात्रभर ठेवा. सकाळी बोळे काढले की महागड्या ट्रॅकपासून फारसा फरक राहत नाही.

मिनीआर्ट आणि टामिया यांच्या किमतीतला जो फरक वाचेल, त्यातून चांगला निपर (भाग कापायचा कटर), पातळ सिमेंट, दोन-तीन नंबरचे पॉलिश पेपर आणि बरे ब्रश घ्या. निपरवर कंजुषी नको. बोथट कटरने प्लास्टिक पांढरं पडतं आणि तुटतं. त्यातूनही शंभर-दोनशे उरले तर त्यात थोडी भर घालून झ्वेझ्दा कंपनीचा १:७२ चा टी-३४ रणगाडा घ्या. तो बिनगोंदाचा, नुसता दाबून बसतो. मुलाचा हात आधी त्यावर बसू द्या. फक्त आकार लक्षात ठेवा. खरा टी-५५ तोफेसकट सुमारे ९ मीटरचा, म्हणजे १:३५ मध्ये जेमतेम २६ सेंटीमीटर आणि १:७२ मध्ये साडेबारा.

आपल्याकडच्या उन्हाचंही बघा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना पातळ सिमेंट सांध्यात शिरायच्या आत उडतं आणि अॅक्रिलिक रंग ब्रशवरच सुकतो. त्या दिवसांत मी पहाटे पाच ते सात काम करतो. लॅकर रंग कुलरच्या ओलसर हवेत मारू नका, पांढरट पडतो. आणि किट गाडीच्या मागच्या काचेखाली कधीच ठेवू नका. माझ्या एका मित्राच्या हलचा वरचा भाग असा वाकला की परत सरळ झाला नाही.

शेवटी तुमच्या १९७१ बद्दल. पाकिस्तानकडे तेव्हा चिनी टी-५९ होते. ते टी-५५ च्या आधीच्या सोव्हिएत टी-५४ए वरूनच बनवलेले, त्यामुळे लांबून आपल्या टी-५५ सारखेच दिसत. म्हणून त्या युद्धातल्या आपल्या काही टी-५५ च्या फोटोंत तोफेच्या नळीवर मधोमध एक फुगवटा दिसतो. खरा धूर-निस्सारक, म्हणजे गोळा सुटल्यावर नळीतला धूर बाहेर काढणारा फुगीर भाग, नळीच्या टोकाला असतो, हा मधला नुसता दाखवायचा, ओळख पटावी म्हणून. कोणत्याही डब्यात तो भाग मिळाला नाही तर बॉलपेनच्या टोपणाचा तुकडा कापून, पुटीने दोन्ही टोकं निमुळती करून बसवा. मुलाला हेच काम द्या, त्याला रणगाडा आपला वाटेल.

आणि चिखल करताना आपली काळी माती वापरू नका, मोह होईल तरी. पश्चिम आघाडीवरच्या शकरगडच्या बाजूची असो की बंगालची, तिकडची माती नद्यांच्या गाळाची, फिकट. तापीकाठचा पोयटा आणा, वाळवा, वस्त्रगाळ करा आणि मॅट वार्निशमध्ये कालवून चाकांच्या खालच्या अंगाला लावा. वाळल्यावर तो आणखी फिकट होतो, म्हणून आधी एखाद्या रिकाम्या स्प्रूवर लावून बघा.