सीटी नॉर्मल आला म्हणून घरी थांबू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ ३१ वर्षांचा, काल रात्री जेवताना हातातला घास सुटला, बोलणं बोबडं झालं, वीसेक मिनिटांत सगळं जागेवर आलं, मेंदूचा सीटी स्कॅन नॉर्मल निघाला म्हणून टेन्शनच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्याला आत्ताच्या आत्ता न्यूरॉलॉजिस्ट आणि एमआरआय असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, ओपीडीच्या नंबरची वाट बघू नका.

मी १४ वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर होते. सीटी आधी काढतात तो मुख्यतः मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघायला, गुठळी अडकली असेल तर सुरुवातीचे काही तास सीटी अगदी स्वच्छ दिसू शकतो. आणि आपोआप बरं झालं त्याला टीआयए म्हणजे तात्पुरता लकवा म्हणतात, लकव्याचा मोठा झटका यायचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त.

माझा दीर ३४ चा होता. आदल्या दिवशी सलूनमध्ये मान कडकन मोडून घेतलेली, तेव्हापासून मान दुखत होती. सकाळी चहा ओठाच्या कोपऱ्यातून बनियनवर गळतोय आणि त्याला पत्ता नाही! मी ड्युटीवर, घरच्यांनी कांदा हुंगवला, तळपाय चोळले, तरण्या पोराला कुठला लकवा म्हणत दीड तास घालवला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते मिळालं तेव्हा चौथा तास संपत आलेला. मानेच्या अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या तपासणीत) रक्तवाहिनीचा आतला पदर फाटलेला दिसला. आज बोलतो नीट, पण शर्टाची बटणं अजून डाव्या हाताने लावतो.

म्हणून डॉक्टरांना मानेला झटका, मसाज, मानदुखी असं काही झालं असेल तर आपणहून सांगा, व्यसन असेल तर तेही लपवू नका (बायकांच्या बाबतीत नुकतीच डिलिव्हरी किंवा गर्भनिरोधक गोळ्या हेही सांगायचं). एमआरआय, मेंदू आणि मान दोन्हीची अँजिओ, ईसीजी, हृदयाचा टू-डी इको, हे कधी करणार ते स्पष्ट विचारा. तरुण माणसात हृदयातल्या पडद्याला जन्मापासूनचं छिद्रही सापडतं कधीकधी.

वाटेत किंवा घरी परत तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, किंवा अचानक गरगरून तोल गेला, तर १०८ लावा आणि शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ लिहून ठेवा, इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्या वेळेवर ठरतं. तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका, ॲस्पिरिन मनाने नाही, बीपीची गोळी तर नाहीच.

कालची सीटीची फिल्म सोबत घ्या, आणि गाडी त्याला चालवू देऊ नका.