विमानं बंद करू का त्याची?

(दांडिया बाजार, बडोदा इथून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगा अकरावी सायन्सला, ए ग्रुपमध्ये, म्हणजे गणित घेऊन. सहावीपासून दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची प्लॅस्टिकची किटं जोडतो. गणितात साठीच्या घरात अडकला आहे. एका विमानाला दोन-दोन महिने जातात, खोलीत थिनरचा वास भरलेला असतो. परवा त्याने महागड्या स्पिटफायरच्या (हे ब्रिटिश लढाऊ विमान) पंखाखालचा भाग कापून तिथे स्वतः बनवलेलं खोकं चिकटवलं, तेव्हा वडिलांचा संयम सुटला. आईंनी दोन प्रश्न विचारले आहेत: बारावी होईपर्यंत हे बंद करावं का, आणि यातून पुढे काही होतं का?)

ताई,

बंद करू नका. शनिवार-रविवार मिळून पाच-सहा तास बांधून द्या, आणि परीक्षेच्या आधीचा महिना टेबल झाकून ठेवायचं असं त्याच्याशी बोलून ठरवा. तो पाळेल असं मला वाटतं. रंगाचा एक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हे पथ्य तो वर्षानुवर्षं सांभाळतोच आहे.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. पंख कापल्याची. तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले आणि त्याने काय केलंय ते लक्षात आलं. किट स्पिटफायर मार्क पाचचं, म्हणजे त्या विमानाच्या पाचव्या आवृत्तीचं आहे. त्या विमानाच्या उजव्या पंखाखाली रेडिएटरचं चौकोनी खोकं असतं आणि डाव्या पंखाखाली तेल थंड करणारी बारीक गोल नळी. मार्क नऊमध्ये मर्लिन इंजिनाला दोन टप्प्यांचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र आलं. हवा दोनदा दाबली की ती तापते, ती थंड करायला आणखी एक रेडिएटर लागतो, म्हणून मार्क नऊच्या दोन्ही पंखांखाली सारखी खोकी दिसतात. नाकही थोडं लांबलं, पंख्याची पाती तीनाची चार झाली. तुमच्या मुलाने मार्क पाचाचा मार्क नऊ केला आहे, तोही प्लॅस्टिकच्या शीटमधून खोकं कापून. १:४८ च्या मापात एक मिलिमीटर चुकला तर खऱ्या विमानावर जवळजवळ पाच सेंटिमीटर चुकतात. फोटोत दोन्ही बाजू मला सारख्या दिसल्या.

'बडोदा स्क्वाड्रनचं विमान आहे म्हणतो, असं काही होतं का?' असंही तुम्ही विचारलंय. होतं. ब्रिटिश हवाई दलाची १२४ क्रमांकाची तुकडी आपल्या संस्थानाने दिलेल्या देणगीमुळे बडोदा हे नाव लावत असे, आणि १९४४ पासून तिच्याकडे मार्क नऊ होती. म्हणजे पंख का कापला याचं उत्तर इतिहासातही आहे आणि इंजिनातही. हे सगळं त्याला एकदा वडिलांसमोर बसवून, कागदावर चित्र काढून सांगू द्या. माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आता पुढचं. अशी मॉडेल करणाऱ्या मुलांना पालक बहुतेक वेळा एकच वाट दाखवतात: विमानं आवडतात ना, मग एरोनॉटिकल कर. मी घाई करू देणार नाही. या छंदात चार-पाच वेगवेगळी कामं एकत्र नांदतात आणि प्रत्येक मुलाला त्यातलं वेगळं काम ओढतं. कुणी नेमकी छटा शोधण्यात रमतो, कुणी तुकडीचा इतिहास खणतो, कुणाला रंग फवारायचा एअरब्रश हातातून सोडवत नाही. ज्याला कागदपत्रं आणि जुन्या वस्तू ओढतात त्याला मी आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) विभागाची माहिती देते. तुमच्या मुलाचं मन मात्र आकारात आहे. वस्तू अशी का आहे आणि ती हाताने कशी करायची, यात.

त्याला मी दोन वाटा सुचवेन. पहिली टूल आणि मोल्डची, म्हणजे साचे बनवण्याची. त्याच्या किटचा प्रत्येक भाग पोलादी साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबून निघालेला असतो. जी सांधरेघ तो घासून काढतो ती साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथली असते. आतल्या बाजूच्या गोल खुणा भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या, आणि जाड जागी पडलेला खड्डा प्लॅस्टिक थंड होताना आक्रसल्याचा. पुट्टी भरता भरता तो साचेकामातले दोष ओळखायला शिकला आहे, फक्त कुणी त्याला तसं सांगितलेलं नाही. गुजकेट (गुजरातची इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षा) देऊन मेकॅनिकल, त्यानंतर अहमदाबादच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल डिझाइन, हा रस्ता मला त्याच्यासाठी पक्का वाटतो. अहमदाबादलाच सिपेट ही केंद्र सरकारची प्लॅस्टिक तंत्रज्ञानाची संस्थाही आहे, तिथे प्लॅस्टिक मोल्डचा डिप्लोमा दहावीच्या पायावर मिळतो. तुमच्या नात्यागोत्यात या क्षेत्रातलं कुणी नसेल म्हणून ते लहान समजू नका. बाटलीच्या झाकणापासून गाडीच्या डॅशबोर्डपर्यंत सगळं साच्यातून येतं, आणि चांगला साचा करणारी माणसं कारखान्यांना शोधावी लागतात.

दुसरी वाट प्रॉडक्ट डिझाइनची. अहमदाबादच्या एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) प्रवेशाचा दुसरा टप्पा स्टुडिओत होतो, तिथे समोर दिलेल्या साहित्यातून वस्तू करून दाखवावी लागते. आयआयटीच्या बी.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, युसीड ही प्रवेश परीक्षा आहे, त्यात चित्राचाही भाग असतो. दोन्हीकडे बारावीची कुठलीही शाखा चालते. त्याने आजपासून प्रत्येक विमानाची एक वही ठेवावी: काय चुकीचं दिसलं, कसं मोजलं, काय बदललं, अर्धवट टप्प्याचे फोटो. कपाटातली तयार विमानं पाहून परीक्षकाला फारसं कळत नाही. तो कापलेला पंख दाखवला की कळतं.

हरणी विमानतळाजवळ टाटा आणि एअरबसचा सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना २८ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला आणि तेव्हापासून बडोद्यातल्या निम्म्या पालकांचे प्रश्न तिकडेच वळले आहेत. ५६ विमानांपैकी ४० इथे जोडायची आहेत. तिथे जायची इच्छा असेल तर मेकॅनिकलचा दरवाजा उघडा राहतोच, वेगळी वाट आत्ता धरायची गरज नाही. फक्त मॉडेल करण्याच्या पगारावर घर चालेल का, हेही तुमच्या मनात असणार. वास्तुविशारदांना आणि प्रदर्शनांना मॉडेल लागतात, काम मिळतं, पण सुरुवातीचा पैसा तुटपुंजा असतो. त्याला हाताशी असलेलं कौशल्य म्हणून ठेवावं. तसं बडोद्याला हे नवं नाही: आपल्या कलाभवनात, म्हणजे इथल्या जुन्या तंत्रशाळेत शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांना १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या मॉडेलसाठी सुवर्णपदक मिळालं होतं.

गणिताचं बोलू. ते टाळून यातली पहिली वाट धरता येणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. अकरावीला कोनिक सेक्शन्स आहेत, त्यात लंबवर्तुळ येतं. स्पिटफायरचा पंख वरून पाहिला तर पुढची कड एका लंबवर्तुळाची आणि मागची दुसऱ्या, जास्त फुगीर लंबवर्तुळाची. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर. त्याला म्हणावं, समीकरण मांड, ग्राफ पेपरवर १:४८ ला काढ आणि त्यावर किटचा पंख ठेवून बघ. ट्यूशनच्या सरांनाही हे दाखवू दे. एवढ्याने मार्क वाढतील असं नाही, सराव करावाच लागेल, पण पुस्तक उघडायला त्याला त्याचं स्वतःचं कारण मिळेल.

आणि एक गोष्ट आजच करा. बंद खोलीत थिनर आणि लॅकर फवारणं धोक्याचं आहे, साधा कापडी मास्क त्या वाफा अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर आणा, फवारताना खिडकी उघडी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असू द्या. रेझिनचे (ओतीव राळेचे) भाग पाण्याखाली धरूनच घासायचे, कोरडे नाही. पुढचं किट घेण्याआधी हा खर्च करा.