ऑफ, फॉर की इन? आधी ती यादी बाजूला ठेवा

तुमची पोस्ट वाचली आणि चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा मीच समोर उभा राहिलो. मराठी माध्यम, डिप्लोमा, हिंजवडीत नोकरी, आणि मॅनेजर प्रत्येक मेलमधले ऑफ-फॉर-इन लाल करून परत पाठवतो. नामापुढे कोणतं प्रेपोझिशन लागतं याची ३०० जोड्यांची यादी तुमची पाठ होत आलीय, आणि याहून मोठी कुणाकडे आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्याकडे होती. ४५० जोड्यांची, स्पायरल बाइंडिंगवाली. ती मला केवढ्याला पडली ते ऐका.

मी भाषातज्ज्ञ नाही, चाकणला क्वालिटीत आयुष्य गेलेला माणूस आहे. कुणी इंग्रजीचे प्राध्यापक वाचत असतील तर त्यांनी जरूर कान धरावा.

यादी एका क्लासने दिली होती. नाव घेत नाही, पेठेत होता एवढंच. फी ९,००० रुपये, २०११ साली. पद्धत अशी की एका नामाला एक प्रेपोझिशन. डिमांड-फॉर, रीझन-फॉर, कॉज-ऑफ, कम्प्लेंट-अगेन्स्ट. बसमध्ये पुटपुटत पाठ केली. परीक्षेत ५० पैकी ४८.

आमचं कास्टिंग इंग्लंडला जायचं. तिकडच्या गिऱ्हाइकाचा एक इन्स्पेक्टर महिन्यातून दोनदा येऊन माल बघायचा, त्याची सही झाल्याशिवाय कंटेनर हलायचा नाही. एकदा त्याने काही नगांवर बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची खरखरीत धार, राहिल्याची तक्रार केली. अगदी रास्त तक्रार. साहेब म्हणाले, इन्स्पेक्टरची तक्रार आलीय, आपण मनावर घेतलीय असा मेल टाक, त्यांच्या हेड ऑफिसला कॉपी ठेव. मी विषयात लिहिलं, ‘कम्प्लेंट अगेन्स्ट युअर इन्स्पेक्टर’. खाली दोन ओळी, की ही तक्रार आम्ही गांभीर्याने घेतली असून चौकशी सुरू केली आहे. बरचा सगळा तपशील सोबतच्या एट-डी रिपोर्टमध्ये, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय मांडणाऱ्या अहवालात, होता. तो कोण उघडून बघतो!

तुमच्या लक्षात आलंच असेल. मला म्हणायचं होतं इन्स्पेक्टरने केलेली तक्रार. मी लिहिली इन्स्पेक्टरविरुद्धची तक्रार. हेड ऑफिसने त्या बिचाऱ्याला तातडीने कामावरून बाजूला केलं, आमच्याकडे यायला मनाई केली आणि आम्हाला पुरावे मागितले. पुरावे कसले, हे आम्हाला दोन दिवस कळेना. उलगडा होऊन नवी नेमणूक होईपर्यंत १९ दिवस माल पडून. शेवटी अर्धा विमानाने पाठवावा लागला, त्या भाड्याचा आकडा आजही सांगवत नाही. त्या वर्षीचं माझं प्रमोशन गेलं ते वेगळंच. आणि तो इन्स्पेक्टर, आमच्याबरोबर टपरीवर अमृततुल्य चहा पिणारा माणूस, त्याने फोन करून विचारलं की मी तुमचं काय बिघडवलं होतं. तेव्हा जे वाटलं ते जाऊ द्या.

मेल घेऊन क्लासमध्ये गेलो. सरांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, “अगेन्स्ट बरोबरच आहे, यादीत बघा.” मी अर्थाचं विचारत होतो, ते जोडीचं सांगत होते. फी परत मागायचा धीर झाला नाही. मागितली असती तरी मिळाली नसती म्हणा.

खरा घोळ कुठे होता हे कळायला पुढे वर्ष गेलं. आपला ‘ची’ सगळं गिळतो. ‘त्याची तक्रार आली’ म्हणजे त्याने केलेली, ‘त्याची तक्रार केली’ म्हणजे त्याच्याविरुद्धची. ची तोच, भेद क्रियापद करतं. कारखान्याच्या फाटकावर ‘कामगारांची मागणी’ म्हटलं तर कामगार काही मागताहेत की कामगार हवे आहेत, हे पुढचा शब्द ऐकेपर्यंत कळत नाही. इंग्रजीत पहिलं डिमांड ऑफ द वर्कर्स आणि दुसरं डिमांड फॉर वर्कर्स. तिथे हे काम प्रेपोझिशनकडे आहे. म्हणून ‘डिमांडला फॉर लागतो’ हे अर्धंच सत्य. कशाची मागणी हे सांगायला फॉर लागतो, कोणाची हे सांगायला नाही.

सासऱ्यांना हे सांगितलं तर ते खो खो हसले. संस्कृतचे निवृत्त शिक्षक. म्हणाले, हे पाणिनीने सांगून ठेवलंय, ‘कर्तृकर्मणोः कृति’. कृदन्त, म्हणजे धातूपासून बनलेलं, नाम असेल तर त्याच्याशी कर्ताही षष्ठीत येतो आणि कर्मही. रामाचं जाणं आणि भाताचं शिजवणं, प्रत्यय एकच. इंग्रजी ऑफलाही हे दुखणं आहे. चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली ‘द शूटिंग ऑफ द हंटर्स’ हे उदाहरण दिलंय, शिकाऱ्यांनी गोळ्या घातल्या की शिकाऱ्यांनाच घातल्या? तेव्हा शंका आली की ऑफ ठोकून द्यायचा, हा जो उपाय तुम्हाला खाली दोघातिघांनी सुचवलाय, तो माझ्या मते धोक्याचा आहे.

मग करायचं काय? नाम लिहिताना जोडी आठवू नका, स्वतःला मराठीत प्रश्न विचारा. कोणाकडून? कशाबद्दल? कोणाविरुद्ध? कोणाकडे? कम्प्लेंटला या चारही खाचा, म्हणजे भरायच्या रिकाम्या जागा, आहेत आणि चारींची प्रेपोझिशन्स वेगळी, फ्रॉम, अबाउट, अगेन्स्ट, टू. तुमचा लाल झालेला ‘इन्क्रीज ऑफ कॉस्ट’ घ्या. काय वाढलं? इन द कॉस्ट. कितीने? ऑफ ५ रुपीज. कुठून कुठे? फ्रॉम ७५ टू ८०. इथे तर मराठी मदतच करते, आपणही ‘किमतीत पाच रुपयांची वाढ’ म्हणतो, त आणि ची वेगवेगळे. घाईत ‘इन्क्रीज टू ५ रुपीज’ लिहिलंत तर खरेदीवाले आनंदाने ५ रुपये दराची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढतील.

डिस्कस, रिक्वेस्ट, आन्सर हे क्रियापद असताना कर्म थेट घेतात आणि नाम झाले की मध्ये काहीतरी मागतात, हे तुम्हाला माहीत असेलच.

आणि खरं सांगू, नाम टाळा. आपल्याकडे ऑफिसच्या इंग्रजीत नामांचे डोंगर रचायची खोड आहे, सरकारी पत्रं वाचून लागलेली. ‘युअर इन्स्पेक्टर कम्प्लेन्ड अबाउट बर्स’ एवढं लिहिलं असतं तर माझं विमानभाडं वाचलं असतं. क्रियापद आलं की कोणी केलं ते आपोआप पुढे येतं. साहेबांना साधं वाटेल, वाटू दे. (‘कस्टमर कम्प्लेंट’ असं दोन नामं चिकटवणंही चालतं, सगळेच लिहितात, पण ‘सप्लायर कम्प्लेंट’ लिहून बघा, पुन्हा तोच गोंधळ.)

मेलमधल्या निळ्या-लाल रेषांवर विसंबू नका. माझ्या त्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हतीच, कोण अधोरेखित करणार? आता म्हणे मशीन अर्थही तपासतं. तपासत असेल, पण इन्स्पेक्टरने तक्रार केली की त्याच्यावर झाली हे त्याला तुम्हीच सांगायला हवं ना.

यादीऐवजी कोश घ्या. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा, इंग्रजी-मराठी नव्हे. ऑक्सफर्डचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स माझ्या टेबलावर असतो. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता केलेल्या, १९४२ साली टोकियोत छापलेल्या कोशातून तो वाढला, म्हणजे मूळच आपल्यासारख्या परक्यांसाठी. नामाखाली कोणत्या अर्थाला कोणतं प्रेपोझिशन ते ठळक दिलेलं असतं, शेजारी वाक्य. कोलिन्स कोबिल्डही छान. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने लोकांचं खरंखुरं लिहिणं-बोलणं कॉम्प्युटरवर जमवून १९८७ साली तो काढला. जुनी आवृत्ती पुण्यात पुस्तकांच्या अप्पा बळवंत चौकात मिळाली तर घ्या, प्रेपोझिशन्स काही दर वर्षी बदलत नाहीत. फक्त शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन तिकडे जाऊ नका. ऑक्सफर्डचा तर नेटवर फुकट बघता येतो.

माझ्या या खाचांच्या पद्धतीने सगळं सुटतं असा दावा नाही. रीझनला फॉर आणि कॉजला ऑफ का, याला माझ्याकडे उत्तर नाही, आपण दोन्हीकडे ‘चं कारण’ म्हणून मोकळे होतो. अशी वीस-पंचवीस नामं पाठच करावी लागतात. तुमच्या मेलमधलं ‘सोल्युशन ऑन द इश्यू’ त्यातलंच. आपण समस्येवर उपाय काढतो म्हणून ऑन सुचतो, तिथे टू करा. का टू, ते मात्र मला विचारू नका.