आजीवर लिहायचंय, पण 'प्रेमळ, कष्टाळू' यापुढे काही सुचत नाही. काय करू?

तुमची आजी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गावात सगळा जन्म संसारात राबली. वर्षश्राद्धाला घरच्यांना वाटायला तिच्यावर आठ-दहा पानं लिहायची आहेत, आणि 'प्रेमळ, कष्टाळू, सुगरण' इथेच अडलंय, असं तुम्ही विचारलंय. अडणारच. हे शब्द गावातल्या प्रत्येक आजीला लागतात. तुमची आजी तिच्या हातच्या कामात सापडेल. ते काम मापासकट लिहा.

सालवारी धरू नका, ऋतू धरा. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी, भाद्रपदात चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, पौषात मांडावरचे धालो, म्हणजे बायकांची गाणी-नाच. प्रत्येक ऋतूतलं तिचं एकच काम निवडा, पण ते पुरतं लिहा. मी सोलांपासून, म्हणजे आमसुलांपासून सुरुवात करीन. भिरंडां, म्हणजे कोकमाची फळं, कोण वेचायचं? कापून बिया आणि गर वेगळा केल्यावर सालं कुठे वाळत घालायची, अंगणात की माडीवर? गराच्या रसात मीठ घालून वाळलेली सालं त्यात बुडवायची, पुन्हा उन्हात टाकायची. ही पुटं ती किती द्यायची, चार की सात? मीठ कमी पडलं की श्रावणापर्यंत बुरशी धरते. शेवटच्या पुटाआधी वळीव आला तर सगळी मेहनत वाया. तेव्हा आभाळ भरून आलं की ती काय करायची, कोणाला हाका मारायची? रस चिनी मातीच्या बरणीत ठेवायची की मडक्यात? बियांचं तेल काढून भेगांना लावायची का? एवढं मिळालं की दोन पानं भरतात, आणि 'कष्टाळू' हा शब्द लिहावाही लागत नाही.

मापं मात्र 'अंदाजाने' म्हणून सोडू नका. तिची दवली (पळी) किंवा वाटी घरात असेल तर पाण्याने भरून मोजा. 'मूठभर मीठ' असेल तर जिचा हात आजीएवढा आहे अशा आत्याला तीनदा मूठ घ्यायला लावा, दर वेळी काट्यावर वजन करा आणि सरासरी लिहा.

चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिच्यासाठी वेगळं पान ठेवा. कांगलां, कवंडळ, घागऱ्यो, तोरंजन, सुपारीचं शिपटें यांतलं काय कुठल्या डोंगरावरून यायचं, हे आजीच्या पिढीला ठाऊक होतं. ते आज लिहिलं नाही तर तुमच्या मुलांना बाजारातली जुडी तेवढी दिसेल.

तारखा कुणालाच आठवत नाहीत. 'लग्न कधी झालं?' असं न विचारता खुणा द्या: 19 डिसेंबर 1961ची गोवा मुक्ती, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा 16 जानेवारी 1967चा जनमत कौल, 1986 साली पणजीचा मांडवी पूल कोसळला तो पावसाळा. त्याच्या आधी की नंतर, घरात तेव्हा पाळण्यात कोण होतं, एवढ्यावर साल जवळपास ठरतं. जन्माची नोंद शोधताना माहेरचं नाव घ्या. लग्नात नाव बदललेलं असेल तर सासरच्या नावाने ती सापडणार नाही. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत आडनावाची अक्षरंही वेगळी असतात, 'के'च्या जागी 'सी' येतो, नाईक तर एन-ए-आय-क्यू-यू-ई असं लिहिलेलं असतं.

माणसांकडे आताच जा, आधी तिच्या बहिणीकडे, मग शेजारच्या काकीकडे. 'आजी कशी होती?' विचारलंत तर 'बरी होती गो' एवढंच मिळेल. 'पहाटे चूल कोण पेटवायचं?' विचारा. बोलणं रेकॉर्ड करताना फोन एअरप्लेन मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, पंखा बंद करा. अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवू नका, म्हाताऱ्या माणसांना धाप लागते. कोणी धालोचं गीत म्हणालं तर मध्ये अर्थ विचारू नका, ते पुरतं होऊ द्या. आजीचं बोलणं कोंकणीत असेल तर कोंकणीतच उतरवा, त्याचं मराठी करायला गेलात की तिचा आवाज जातो.

छापताना उजव्या पानावरच मजकूर घ्या, डावं कोरं ठेवा. वर्षश्राद्धाला जमलेल्या आत्या-मावश्या 'असं नव्हे, पुटं पाच' म्हणतीलच. तेव्हा हातात पेन द्या आणि त्यांना तिथेच लिहू द्या.